परसातल्या पाखरांची वही

माहेरी, सांगलीला, स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असायचं. आई त्यावर दुधाचा हिशेब लिहायची. रोजचं लिटरभर आलं तर काही लिहायचं नाही. कमीजास्त घेतलं, किंवा दूधवाला आलाच नाही, तर त्या तारखेच्या चौकटीत खूण. एकदा फेब्रुवारीच्या पानावर अशाच एका खुणेशेजारी तिच्या अक्षरात 'कोकीळ' असं लिहिलेलं दिसलं. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीतही तेच, चार-पाच दिवस पुढेमागे. तिला पक्ष्यांचा नाद वगैरे काही नव्हता. ओट्याशी उभी असताना वर्षातली पहिली हाक कानावर आली, पेन दोरीला लटकतच होतं, लिहून टाकलं. ती सगळी कालनिर्णयं ठेवली असती तर आज माझ्याकडे वीसेक वर्षांच्या तारखा असत्या. दर जानेवारीला जुनं कालनिर्णय रद्दीत गेलं.

पक्ष्यांची वही म्हणजे यापेक्षा फार वेगळं काही नाही. जंगलात जायला नको, भारी कॅमेरा नको. घराच्या मागच्या दारातून, बाल्कनीतून, जिन्याच्या खिडकीतून जे दिसतं ते ठरावीक पद्धतीनं लिहीत राहायचं. मी साताऱ्याला आमच्या परसदारी सहा-सात वर्षं हे करते आहे. शेवगा, कढीपत्ता, पेरू, जास्वंदीची दोन झुडपं आणि भिंतीपलीकडून दिसणारा अजिंक्यताऱ्याचा तुकडा, एवढंच माझं रान. जे चुकत शिकले ते खाली क्रमानं लिहिते.

वही आणि पहिलं पान

दोनशे पानी, पुठ्ठा बांधणीची, रेघांची साधी वही घ्या. छापील तारखांची डायरी घेऊ नका. चार दिवस काही लिहिलं नाही की तिची कोरी पानं डोळे वटारतात आणि पाचव्या दिवशी माणूस डायरीच उघडत नाही. शाईचं पेनही नको. पावसाळ्यात ओल्या हातानं पान उलटलं की शाई पसरते. पेन्सिल किंवा बॉलपेन ठीक. तेही वहीला दोऱ्यानं बांधा, कारण पेन पळवणारी माणसं प्रत्येक घरात असतात.

पहिल्या पानावर पक्षी लिहायचे नाहीत, जागा लिहायची. गाव, घराची कोणती बाजू, कितवा मजला, समोर काय काय आहे. वेडावाकडा का होईना, नकाशा काढा: शेवगा इथं, विजेचा खांब तिथं, शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, मोकळा प्लॉट. तेव्हा हे फालतू वाटतं. आमच्या उजव्या हाताला शेजारच्या काकूंचा मोठा आंबा होता, तो तिसऱ्या वर्षी पाडला. त्यानंतर हळद्या दिसेनासा झाला. नकाशात आंबा नसता तर 'हळद्या हल्ली येत नाही बुवा' एवढंच म्हणत बसले असते.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीनंही अशीच वही धरली आहे. तिच्या घरामागे कार्डिनल आणि ब्लू जे हे तिकडचे पक्षी येतात, पद्धत मात्र हीच.

पंधरा मिनिटं

दिवसातून एकदा, पंधरा मिनिटं, शक्यतो एकाच ठिकाणी. सूर्योदयानंतरचा पहिला तास सगळ्यात बोलका असतो. ते जमत नसेल तर चहाच्या वेळी, संध्याकाळी, कधीही. पण महिनाभर तरी वेळ बदलू नका. आज सकाळी सात आणि उद्या दुपारी दोन असं केलं तर दोन दिवसांची तुलना होत नाही. दुपारी दोनला पक्षीही आपल्यासारखेच सावली धरून असतात.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते:

'१४ नोव्हें. सकाळी ७.१० ते ७.२५. मागचं दार. ऊन, गारवा, वारा नाही. साळुंकी ४ (शेवगा २, तार २). लालबुड्या बुलबुल २, कढीपत्त्यावर. गावकावळा ३. शिंपी, ऐ. तांबट, ऐ. जांभळा शिंजीर १, जास्वंदीवर, मादी असावी. घार १, उंच. एक करडा-पांढरा, बुलबुलाएवढा पण सडपातळ, टाकीवर चालत होता, शेपटी सारखी वरखाली. ?'

यात 'ऐ' म्हणजे नुसता ऐकला, दिसला नाही. सुरुवातीपासून हा फरक ठेवा, कारण कान आणि डोळे वेगवेगळ्या चुका करतात. वेळ 'पासून-पर्यंत' लिहिलेली आहे, तिचं कारण पुढे येईल. हवा दोन-तीन शब्दांत. आणि शेवटी प्रश्नचिन्ह. ते वहीतलं सगळ्यात उपयोगी चिन्ह आहे. लाजू नका, भरपूर वापरा. तो शेपटी हलवणारा धोबी होता, हे मला दोन दिवसांनी कळलं.

नाव नंतर, वर्णन आधी

नव्या माणसाची सगळ्यात मोठी घाई नावाची असते. पक्षी दिसला की मोबाईल काढायचा, चित्रं शोधायची, वर मान करावी तर पक्षी गेलेला. उलटं करा. तो समोर आहे तोवर फक्त बघा, उडाला की लगेच लिहा, आणि नाव रात्री जेवणं झाल्यावर शोधा.

बघायचं काय, तर आधी आकार. सेंटिमीटरमध्ये नाही, ओळखीच्या पक्ष्यांच्या मापात. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर, कावळा, घार ही आपली मोजपट्टी. 'साळुंकीपेक्षा मोठा, कबुतरापेक्षा लहान' एवढं लिहिलं तरी निम्मे पक्षी बाद होतात. मग चोच: दाणे फोडणारी आखूड जाड, की फुलात घालायची बाकदार, की टोकाला आकडा असलेली. मग शेपटी: लांब, आखूड, दुभंगलेली, उभी धरलेली. मग बसण्याची तऱ्हा आणि चाल. चिमणी उड्या मारते, साळुंकी पावलं टाकत चालते, धोबी तुरुतुरु धावतो. डोक्यावर तुरा, डोळ्यावर भुवई, पंखावर पट्टा, बुडाखाली वेगळा रंग असं काही असेल तर ते. आणि सगळ्यात शेवटी अंगाचा रंग. कारण रंग फसवतो. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर प्रत्येक पक्षी काळाच.

चित्र काढता येत नाही म्हणून अडू नका. एक आडवं अंडं, त्यावर एक लहान गोल, चोच आणि शेपटीच्या रेघा. जिथं रंग दिसला तिथं बाण काढून शब्द लिहायचा. माझी चित्रं बघून घरचे अजून हसतात, पण त्या चित्रांवरून पक्षी ओळखता येतो.

ही सवय का लागावी त्याची माझ्याच वहीतली गोष्ट. पहिलं वर्षभर मी जास्वंदीवर येणारे दोन वेगळे शिंजीर लिहीत होते. एक काळा-जांभळा, उन्हात चमकणारा. दुसरा वरून मातकट, खालून पिवळट, आणि गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ. त्याला मी 'टायवाला' असं नाव दिलं होतं. पुढच्या हिवाळ्यानंतर हा टायवाला हळूहळू काळा होत गेला, आणि तेव्हा उलगडलं की ही दोन पाखरं नव्हतीच. जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा काळ सरला की ते झगझगीत कपडे उतरवून ठेवतो आणि तो एक टाय तेवढा राहतो. वर्णन लिहिलेलं होतं म्हणून मागच्या सगळ्या नोंदी दुरुस्त करता आल्या. पहिल्याच दिवशी एखादं चुकीचं नाव ठोकून दिलं असतं तर ते वर्ष फुकट गेलं असतं.

आपल्याकडे हमखास घोटाळा होणाऱ्या आणखी दोन-तीन जोड्या सांगून ठेवते. कोकीळ नर काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. ती इतकी वेगळी दिसते की नवखा माणूस तिला भलतंच काही समजतो. कविता काहीही म्हणोत, 'कुऊ कुऊ' ओरडतो तो नर. कावळ्यात, मानेभोवती राखी रंग असेल तर गावकावळा, सगळाच काळा आणि चोच जाड असेल तर डोमकावळा. आणि पावशा अंगावरून इतका शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा दिसतो की लहान पक्षीही त्याला बघून कलकलाट करतात. तुमची चूक झाली तर मनाला लावून घेऊ नका.

मराठी नावांचाही घोळ आहे. भारद्वाजाला कोणी कुंभारकुकडा म्हणतं, कोणी कुक्कुडकोंबा. 'मैना' तर कशालाही म्हणतात. तुमच्या घरात जे नाव चालतं तेच लिहा. फक्त वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी ठेवा, त्यात तुमचं नाव आणि पुस्तकातलं नाव समोरासमोर. आमच्या वहीत सातभाई अजूनही 'भांडखोर मंडळी' या नावानं नांदतात, यादीत तेवढे सातभाई.

कानानं लिहायचं

देवनागरी या कामाला फार सोयीची लिपी आहे. ऱ्हस्व-दीर्घ आहे, पाय मोडता येतो, अनुस्वार आहे. ऐकलं तसं लिहा. तांबट: 'टुक्‌ टुक्‌ टुक्‌', एकसुरी, एका जागी, तांबट आळीत भांडं ठोकत बसल्यासारखं; नाव त्यावरूनच पडलं. टिटवीनं तर आपलं नाव स्वतःच सांगितलंय. शिंपी अंगठ्याएवढा, पण 'टुविट टुविट' एवढं खणखणीत की पहिल्यांदा ऐकणारा मोठा पक्षी शोधत बसतो. पावशाच्या तीन सुरांत हिंदी माणसाला 'पी कहाँ' ऐकू येतं आणि आपल्या शेतकऱ्याला 'पेरते व्हा'. दोन्ही बरोबर. तुम्हाला तिसरंच काही ऐकू आलं तर तेही लिहा, पुढच्या वेळी ओळखायला उपयोगी पडतं.

सुराबरोबर तो चढत जातो की उतरत, किती वेळा आला, कुठून आला हेही लिहावं. दयाळ मार्चच्या सुमारास पहाटे अँटेनावर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून लांबलचक शिळा घालतो, आणि विणीचा काळ संपला की जवळजवळ गप्प होतो. नुसतं 'दयाळ, ऐ' लिहिण्यापेक्षा 'दयाळ, गाणं' आणि 'दयाळ, नुसतं चर्र' असा फरक केलात तर वर्षअखेरीला त्याच्या गाण्याचा हंगाम आपोआप डोळ्यांपुढे येतो.

एक सावधगिरी. झाडावरून तासभर 'चिक्‌ चिक्‌ चिक्‌' असं एकसारखं कोणी ओरडत असेल तर आधी खार शोधा. मी दोन महिने एका अदृश्य पक्ष्याची इमानदारीनं नोंद करत होते. तो पक्षी झुपकेदार शेपटीचा निघाला.

मोजताना

'बरेच', 'खूप', 'थवा' हे शब्द वहीत बंद. आकडा लिहा, अंदाजे असला तर आधी 'सु.' लिहा. पंधरा मिनिटांत एकच बुलबुलाची जोडी चार वेळा आली तर ते आठ बुलबुल नव्हेत. एका वेळी जास्तीत जास्त जितके दिसले तो आकडा धरायचा. संध्याकाळी गायबगळ्यांची रांग जाते किंवा हिवाळ्यात भोरड्यांचा थवा वळणं घेत जातो, तेव्हा आधी दहा पक्षी मोजा, तेवढ्या दहाचा तुकडा नजरेत धरा आणि असे किती तुकडे बसतात ते बघा. पहिल्यांदा निम्म्यानं चुकाल. महिनाभरात हात बसतो.

शून्य आणि रेघ

आता आईच्या कालनिर्णयाकडे परत येते. दूधवाला आला नाही हीसुद्धा तिथं नोंद होती, आणि महिन्याच्या हिशेबात तीच कामाची होती. पक्ष्यांच्या वहीत लोक नेमकं हेच विसरतात. काही वेगळं दिसलं की लिहितात. रोजचे पक्षी लिहीत नाहीत. आणि जो आला नाही त्याचं तर कोणाच्या ध्यानातही नसतं. अशी वही दोन वर्षांनी वाचली तर वाटतं, परसात कावळे नव्हतेच, नुसते स्वर्गीय नर्तकासारखे क्वचित दिसणारे पक्षी नाचत होते.

म्हणून डाव्या पानावर महिन्याचा तक्ता करा. उभ्या ओळीत तुमचे रोजचे पंधरा-वीस पक्षी, वर आडव्या ओळीत १ ते ३१ तारखा. गणिताच्या चौकटीच्या वहीतलं पान फाडून चिकटवलं तर रेघा मारायचा त्रास वाचतो. रोज पंधरा मिनिटं झाली की प्रत्येक चौकटीत आकडा. पाहिलं पण तो पक्षी नव्हता, तर शून्य. त्या दिवशी बसलेच नाही, तर आडवी रेघ. शून्य आणि रेघ यांची गल्लत करायची नाही. वहीतला एवढा एकच नियम मी कडक मानते. रेघेचा अर्थ मी नव्हते, शून्याचा अर्थ तो नव्हता.

आणि म्हणूनच वेळ 'पासून-पर्यंत' लिहायची. पाच मिनिटं पाहून आलेलं शून्य आणि पंधरा मिनिटं पाहून आलेलं शून्य एकाच वजनाचं नसतं.

चिमण्यांचं सांगते. चिमण्या कमी झाल्या असं जो तो म्हणतो. कधी कमी झाल्या, विचारलं तर 'हल्लीच' किंवा 'आमच्या लहानपणी खूप होत्या'. आमच्या तक्त्यात चिमणीच्या ओळीत ५, ६, ४, ६ असे आकडे चालले होते. एका एप्रिलमध्ये समोरच्या वाड्याचं कौलारू छप्पर उतरवून स्लॅब टाकायला घेतला. मेमध्ये ३, २, २. जूनपासून शून्य, शून्य, शून्य, ओळभर. कौलांखालच्या फटी गेल्या, घरटी गेली. हे मी नुसतं आठवून सांगितलं असतं तर कोणी ऐकून घेतलं नसतं, मीही स्वतःचं ऐकलं नसतं. पुढच्या वर्षी जिन्याखाली लाकडी खोकं टांगलं. ऑक्टोबरात चिमणीच्या ओळीत पहिला '१' आला, तो मी लाल पेननं लिहिला.

उजवं पान मोकळं ठेवा. तिथं जे तक्त्यात मावत नाही ते: काय खात होता, कोणाशी भांडला, तोंडात काडी होती का, पिल्लू होतं का. कढीपत्त्याची काळी फळं पिकली की बुलबुल आणि कोकीळ त्यावर कसे तुटून पडतात हे उजव्या पानावरच कळतं. रोज लिहिलंच पाहिजे असं नाही. काही नसेल तर 'विशेष नाही' लिहून चहा प्यायला जावं.

वर्षभर कशावर नजर ठेवायची

वहीच्या शेवटून दुसऱ्या पानावर तीन रकाने आखा: पक्षी, यंदा पहिला कधी, शेवटचा कधी. हे पान भरायला वर्ष लागतं.

जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर, पांगारा, पळस फुलायला लागतात. जवळपास यातलं एखादं झाड असेल तर तुमचं नशीब. साळुंक्या, भोरड्या, शिंजीर, कोतवाल, सगळ्यांची तिथं जत्रा असते. फुलाची तारीखही लिहा. पुढे कोकिळाची पहिली हाक, तांबटाची ठोकाठोक वाढणं, दयाळाचं पहिलं गाणं. एप्रिल-मेमध्ये कावळे काड्या आणि तारा नेताना दिसतील. त्यांच्या मागावर कोकीळ जोडी असते. नर ओरडून कावळ्यांना अंगावर घेतो आणि मादी घरट्याकडे सरकते, हे नाटक दोन-तीनदा तरी बघायला मिळतं.

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं. त्याच्या आगेमागे पावशा आणि काळा-पांढरा, तुरेवाला चातक यांच्यावर कान ठेवा. चातक पावसाच्या सुमाराला आफ्रिकेकडून येतो, त्यामुळे त्याच्या पहिल्या तारखेशेजारी पहिल्या मोठ्या पावसाची तारीखही लिहून ठेवावी. दोन्हींतलं अंतर दरवर्षी किती पडतं हा आमच्या घरात पैजेचा विषय आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कावळ्याच्या मागे तोंड वासून फिरणारं, काहीसं वेगळंच दिसणारं पिल्लू आढळलं तर नीट बघा. ते कोकिळाचं असतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर हे माझे आवडते महिने. पाऊस ओसरतो आणि उत्तरेकडून पाहुणे यायला लागतात. आमच्या टाकीवर धोबी आला की मी गच्चीतून खाली ओरडून सांगते. नोव्हेंबरात ५ तारखेला वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींचा आणि १२ तारखेला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा जन्मदिवस. मधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. नवी वही सुरू करायला मुहूर्त हवाच असेल तर हा घ्या. मात्र त्यासाठी थांबून राहू नका.

घरटं सापडलं तर

लांबून. कुंडीत, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, मनीप्लँटमध्ये बुलबुल घरटं करतो आणि मग घरातल्या प्रत्येकाला त्यात डोकवायचं असतं. डोकावू नका, फांद्या बाजूला करू नका, जवळून फोटो नको. आपण गेलो की आपल्या मागोमाग कावळा येतो, त्याला आयताच पत्ता मिळतो. पहिली काडी कधी, पाखरं अंड्यांवर बसायला कधी लागली, चोचीत अळ्या कधी दिसल्या, घरटं रिकामं कधी, या चार तारखा खिडकीतूनही मिळतात.

आणि एवढ्यानं काय होतं असं वाटत असेल तर हे ऐका. सालिम अली १९३० मध्ये जर्मनीहून शिकून परतले तेव्हा त्यांची संग्रहालयातली नोकरी राहिली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला घरी जाऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते तिथं तासन्‌तास बसत आणि लिहीत. नर अर्धंच घरटं विणतो, मादी येऊन पारखते, तिला पसंत पडलं तर संसार मांडते आणि तो पुरं करतो, मग पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं घेतो आणि दुसरी मादी शोधतो, हे त्या शिडीवरच्या नोंदींतून पुढे आलं.

पाणी, दाणा, दुर्बीण

मातीचं पसरट परळ, त्यात दोन बोटं पाणी आणि मधे एक दगड. रोज धुवायचं, नाहीतर डास होतात. मांजर दबा धरून बसेल अशा जागी ठेवू नका. दाण्याच्या बाबतीत माझं मत कडू आहे: ज्वारी-बाजरी टाकत राहिलात तर चार महिन्यांत नुसती कबुतरं उरतात. त्यापेक्षा जास्वंद लावा, कढीपत्ता वाढू द्या, कोपऱ्यातलं गवत सगळंच उपटू नका. काहीही ठेवलं तरी वहीत लिहा, 'आजपासून परळ' असं. नाहीतर बुलबुल अचानक दुप्पट कसे झाले याचं कोडं पुढे सुटत नाही.

दुर्बीण पहिले सहा महिने नको. हौस टिकली तर ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या. आणि ती शेजाऱ्यांच्या खिडकीकडे रोखली जाणार नाही याची काळजी घ्या; आमच्याकडे यावरून एकदा समजूत काढायला जावं लागलं होतं.

मोबाईलवर

वही बसली की ईबर्ड बघा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेनं २००२ मध्ये सुरू केलेली ही नोंदींची व्यवस्था आहे, फुकट आहे, आणि भारतातले हजारो लोक तिच्यात लिहितात. तुम्ही वहीत ठेवता तेच ती मागते: जागा, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, कोणते पक्षी, किती. शेवटी ती विचारते, तुम्ही ओळखू शकलात ते सगळे पक्षी नोंदवलेत का? 'हो' म्हणता यावं म्हणून कावळे-कबुतरंही भरायची. यादीत नसलेल्या पक्ष्याला मग शून्याचा अर्थ येतो. आपलाच तक्ता, जरा मोठ्या घराचा. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते, तिच्यातही किमान पंधरा मिनिटंच बसायचं असतं.

त्याच प्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. सुचवतं, एवढंच. हरेव्यासारखा नकलाकार समोर असेल तर त्याचीही फसगत होऊ शकते. मर्लिननं म्हटलं आणि आपण स्वतः ऐकला-पाहिला नाही, तर वहीत 'म.' लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं मात्र नाही. तो बिचारा परका नर आला समजून हातातलं काम टाकून भांडायला येतो.

मोबाईलवर भरलं तरी वही सोडू नका. 'टायवाला' या नावाला ईबर्डच्या यादीत जागा नाही.

भरलेली वही

वही संपली की कण्यावर वर्ष आणि क्रमांक लिहा, 'वही ३, जून २०२१ ते मे २०२२' असं. दर महिन्याच्या शेवटी दोन्ही पानांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. वाळवी, पाऊस, लहान मुलं, यांपैकी कोणीतरी येणारच. पण खरी भीती वेगळीच.

काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला शाळेपासून माहीत असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्यांच्या काळातले हिंदुस्थानातले सगळ्यात मोठे पक्षी अभ्यासक होते. पंचवीस वर्षांच्या टिपणांवर ते हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा मोठा ग्रंथ रचणार होते. १८८५ च्या सुमारास ते शिमल्याच्या घरी परतले तर कागद नाहीत. ते नसताना एका नोकरानं ते बाजारात रद्दी म्हणून विकून टाकले होते. ह्यूम यांचं त्या कामावरून मनच उडालं. पक्ष्यांचा सगळा संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, आणि तो ग्रंथ झालाच नाही.

माझ्या प्रत्येक वहीवर लाल स्केचपेननं 'रद्दीत देऊ नये' असं मोठ्या अक्षरात आहे. तरी गेल्या दिवाळीच्या साफसफाईत वही क्रमांक २ मी दारामागच्या गठ्ठ्यातून, सुतळी बांधून झाल्यावर, ओढून काढली.